टोयोटा लँड क्रूझर ७८ : दक्षिण सुदानमधल्या पाच जणांच्या पथकाची गाडी

लँड क्रूझर ७८ ही गाडी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही, आणि ती विकत घेण्याचा विचार करणारे वाचकही फारसे नसतील. तरीही तिचे परीक्षण मराठीत लिहावेसे वाटले, कारण मदतसंस्थांच्या कामासाठी आफ्रिकेत जाणारे मराठी अभियंते, डॉक्टर आणि परिचारिका आहेत आणि राहत्या तंबूच्या खालोखाल त्यांचा सर्वाधिक वेळ याच गाडीत जाणार असतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. यंत्र म्हणून ही गाडी जवळजवळ निर्दोष आहे, प्रवासी वाहन म्हणून अत्यंत त्रासदायक आहे, आणि एकमेकांना अनोळखी असलेल्या पाच माणसांचे एक पथक घडवण्याच्या कामी तिच्याइतके उपयोगी साधन मी दुसरे पाहिलेले नाही. या तिसऱ्या गुणाबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नसते, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

माझा अनुभव दक्षिण सुदानच्या युनिटी प्रांतातला आहे. जुलै २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली, जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबात ती पुन्हा भडकली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटीच्या लीर आणि मायेंडिट या दोन तालुक्यांत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. त्या काळात आमचे पथक युनिटीचे मुख्य शहर असलेल्या बेंटिऊहून दक्षिणेकडे पिण्याच्या पाण्याची कामे करत असे. पथकात पाच जण होते : चालक, दुभाष्याचे आणि गावकऱ्यांशी बोलणी करण्याचे काम पाहणारा न्युएर जमातीचा एक तरुण, केनियाच्या एक परिचारिका, सामानसुमान आणि रेडिओ सांभाळणारे एक नेपाळी गृहस्थ, आणि मी. चालक पूर्वी शाळेत शिकवत असत, त्यामुळे सगळे त्यांना ‘उस्ताज’ म्हणत. मीही इथे तेच म्हणणार आहे.

तिथली जमीन परभणी-यवतमाळकडच्या आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच जातीची आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला इतकी चिकटते की चाक फिरायचेच थांबते. एप्रिल-मेपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहुतेक रस्ते बंदच असतात. उरलेल्या महिन्यांत ज्याला रस्ता म्हणतात तो म्हणजे आधी गेलेल्या गाडीच्या चाकांच्या दोन वाळलेल्या चाकोऱ्या. त्या सोडून बाजूला उतरू नये असा दंडक असतो, कारण बाजूच्या जमिनीत काय पुरलेले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

आता यंत्राविषयी. ७० क्रमांकाची ही मालिका १९८४ पासून बनते आहे, आणि मागे लांब बंद डबा असलेले ७८ हे रूप १९९९ मध्ये आले. मदतसंस्था तिच्यात ‘१एचझेड’ नावाचे इंजिन घेतात. ते ४,१६४ सीसीचे, सहा सिलिंडरांचे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन आहे. त्याची ताकद सुमारे १३० अश्वशक्ती, म्हणजे एवढ्या मोठ्या इंजिनाच्या मानाने अगदीच बेताची. पण त्या बेतातच त्याचे दीर्घायुष्य आहे. त्याचा डिझेल पंप यांत्रिक आहे आणि त्याला संगणकाची गरज लागत नाही, त्यामुळे पिंपातून हाताने उपसून फडक्यातून गाळलेल्या डिझेलवरही ते कुरकुर न करता चालते. ९० लिटरच्या दोन टाक्या असतात आणि लिटरमागे सात-आठ किलोमीटर धरले तरी एका भरणीत हजाराच्या वर किलोमीटर जाता येते. अर्थात टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही हा तिथला अलिखित नव्हे, चांगला लिहिलेला नियम आहे. साधे पाच गिअर, हवे तेव्हाच जोडायचे चार चाकांचे बळ, मागे पाटे, पुढे उंच काढलेले स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी नळी. जपानमध्ये तयार झालेल्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच जिब्राल्टरमधल्या टोयोटाच्या वितरकाकडे जातात आणि तिथे त्यांच्यावर रेडिओ, अँटेना, टपावरचा कॅरिअर वगैरे चढवून त्या निरनिराळ्या संस्थांकडे रवाना होतात. हिचेच उघड्या हौद्याचे भावंड लढणाऱ्यांचेही आवडते आहे. १९८७ मध्ये चाड आणि लीबिया यांच्यातल्या लढाईच्या अखेरच्या टप्प्याला ‘टोयोटा युद्ध’ असेच नाव पडले. म्हणून आमच्या गाडीचा पांढरा रंग, झेंडा आणि दारावरचे बंदुकीवर फुली मारलेले चित्र यांची धूळ रोज सकाळी पुसली जात असे. धुळीने झाकलेले चिन्ह दुरून दिसत नाही, आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्याला नुसता आकार दिसावा हे कोणालाच परवडणारे नव्हते.

मागच्या डब्यात दोन्ही बाजूंना लांब बाके आहेत. ज्यांनी कधी सातारा-सांगलीकडच्या वडापमधून प्रवास केला असेल त्यांना जास्त सांगायला नको : गुडघ्याला गुडघा, डोळ्यासमोर डोळा, मधल्या जागेत सामान, आणि खड्डा आला की सगळ्यांची डोकी एकदम टपाला. गाडीत एसी नव्हता. खिडक्या चार बोटे उघड्या ठेवायच्या, कारण बाहेरचा आवाज कानावर पडला पाहिजे आणि जवळपास स्फोट झालाच तर काचेवरचा दाब कमी व्हावा. त्या चार बोटांतून येणारी धूळ दात, कान, नोंदवही आणि पिण्याच्या पाण्याची कॅन या सगळ्यांना सारख्याच निष्ठेने गाठत असे.

या बाकांवर दिवसाचे आठ-नऊ तास समोरासमोर बसल्यावर माणसांना एकमेकांपासून काही लपवता येत नाही. कोण घाबरला आहे, कोणाला ताप भरतो आहे, घरून आलेल्या निरोपाने कोणाचा चेहरा उतरला आहे, हे सगळे न विचारता कळते. पहिल्या काही दिवसांतच आमच्यात एक नियम ठरला, आणि तो कोणत्याही संस्थेच्या पुस्तकात नव्हता : पाचही जणांना कळते तीच भाषा गाडीत बोलायची. हा नियम आम्हा दोघांना, म्हणजे नेपाळी गृहस्थांना आणि मला, सर्वांत जड गेला, कारण दोघांनाही हिंदी येत असल्याने दिवसभराची कुरकुर त्या भाषेत करून टाकण्याची फार सोय होती. उस्ताज आणि आमचा दुभाषा यांच्यात जुबा अरबी चाले. तेही गाडीत बसले की मोडक्यातोडक्या इंग्रजीवर येत. ज्या देशात कोण कोणत्या भाषेत कुजबुजतो यावरून कोण कोणाच्या बाजूचा हे ठरते, तिथे या नियमाने जेवढा विश्वास निर्माण केला तेवढा प्रशिक्षणातल्या कोणत्याही खेळाने केला नाही. ते खेळही आम्ही खेळलो होतो. डोळे बांधून दोरीचा चौकोन करण्याचा एक खेळ अजून आठवतो आणि त्याचा उपयोग अजूनही कळलेला नाही.

टपावरच्या कॅरिअरचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. आमचे मुख्य काम नादुरुस्त हापसे दुरुस्त करण्याचे होते, आणि दक्षिण सुदानभर दिसणारा हापसा म्हणजे इंडिया मार्क २. जालना आणि सोलापूर इथे आधी बनलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात विकसित झालेला हा पंप नाईलच्या खोऱ्यात गावोगाव उभा आहे, हे मला तिथे जाईपर्यंत फक्त पुस्तकातून ठाऊक होते. त्याचे तीन मीटर लांबीचे लोखंडी पाइप गाडीच्या टपावर बरोबर मावतात, आणि पाइप, रॉड, पाने, पकडी आणि वॉशरांचे डबे भरूनही मागे चार माणसे बसू शकतात. जड टप घेऊन ही गाडी वळणावर डोलते, हे मात्र लक्षात ठेवावे. उस्ताज अशा वेळी चालण्याच्या वेगाने गाडी नेत आणि मागून कोणी घाई केली तर शाळामास्तरच्या नजरेने आरशातून पाहत.

हापसा उपसणे हे तसे पाहिले तर एकट्याने करण्याचे काम नव्हेच. पाण्याने भरलेली पाइपांची सगळी माळ वर ओढायची, एक पाइप बाहेर आला की खालच्या पाइपाला पकड लावायची, वरचा सोडवायचा, आणि पुन्हा ओढायचे. पकड लावणाऱ्याचा हात घसरला तर सगळी माळ विहिरीत जाते आणि गावाचा पाणवठा कायमचा बंद होतो. आमची परिचारिका पहिल्या दिवशी बाजूला उभी राहून हे पाहत होती. दुसऱ्या गावात तिने विचारले की पकड कशी लावतात, आणि त्यानंतर पकड तिच्याकडेच राहिली, कारण तिचा हात थरथरत नसे. उलट, तिच्या कुपोषण-तपासणीच्या रांगेत मुलांच्या दंडाला मोजपट्टी लावून आकडा ओरडून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. नेपाळी सहकाऱ्याने सगळ्यांना रेडिओ शिकवला. उस्ताजनी सगळ्यांना गाडी शिकवली, त्यातही आमच्या दुभाष्याला सर्वांत मन लावून, कारण त्याने त्याआधी सायकलखेरीज काही चालवले नव्हते. दक्षिण सुदानमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. भारत, नेपाळ आणि केनिया या तिन्ही देशांत डावीकडून चालणाऱ्या आम्हा तिघांना उजवीकडची सवय लावताना त्यांनी जो संयम दाखवला तो बाकड्यावरच्या चौथीच्या पोरांनी त्यांना दिला असावा.

आता पंक्चर. ही गाडी साडेसात-सोळाच्या, ट्यूब असलेल्या टायरांवर आणि दोन भागांच्या रिमवर येते. शहरातल्या माणसाला हे मागासलेपण वाटेल, पण ज्या ठिकाणी बाभळीचा काटा बोटाएवढा असतो आणि सर्वांत जवळचे पंक्चरचे दुकान दोन दिवसांच्या अंतरावर असते, तिथे टायर कोणत्याही यंत्राशिवाय जागेवरच खोलता येणे यासारखे सुख नाही. आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण घालवायची. हवा राहिली तर रिमची कडी उडून माणसाचा जबडा फोडू शकते, म्हणून हे काम उस्ताज दुसऱ्या कोणाला करू देत नसत. मग जॅकचा पाया टायरवर ठेवून गाडीच्याच वजनाने टायर रिमपासून सोडवायचा, दोन टॉम्यांनी कडी उचलायची, ट्यूब ओढून काढायची. भोक शोधण्यासाठी पाणी वापरायचे नाही, कारण पाणी पिण्यासाठी असते. नेपाळी गृहस्थ ट्यूब ओठांजवळून फिरवत आणि बारीक हवा त्यांना बरोबर लागे. घासपेपरने जागा घासणे आणि सोल्युशन लावून ठिगळ दाबणे हे परिचारिकेचे. सोल्युशन सुकेपर्यंत ती घड्याळ पाहत उभी राही आणि कोणी घाई केली तर ठिगळच हाती देत नसे. शेवटी हवा भरायची, रिमची कडी जमिनीकडे करून, आणि ती भरायची पायपंपाने, ज्यावर दुभाषा आणि मी आळीपाळीने उड्या मारत असू. हे सगळे उन्हात, चाकोरीच्या आतच, आणि पाचातल्या एकाने गवताकडे तोंड करून उभे राहायचे. तो एक जण कोण हे कधी ठरवावे लागले नाही. ज्याच्या हाताला त्या क्षणी काम नसे तो आपोआप वळून उभा राही.

गाडीत दोन रेडिओ असतात. व्हीएचएफ जवळच्यासाठी आणि एचएफ शेकडो किलोमीटर दूरच्या तळासाठी; मोबाइलचे जाळे तिथे नव्हतेच. निघताना, प्रत्येक ठरलेल्या ठिकाणी आणि पोहोचल्यावर तळाला कळवायचे, तेही गावाचे नाव न घेता संकेताने. एचएफवर आवाज कधी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा तर कधी पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि इंजिन चालू असेल तर खरखर वाढते, म्हणून गाडी थांबवून, इंजिन बंद करून बोलावे लागते. ही थांबण्याची वेळ हाच आमचा जेवणाचा वेळ झाला. दुभाष्याच्या आईने भाजून दिलेले शेंगदाणे, बिस्किटे आणि थर्मासमधला आल्याचा चहा एवढाच बेत असे. शेंगदाणे झाकणावर ओतून ते झाकण हातोहात फिरे, आणि शेवटचा दाणा कोणी उचलत नसल्याने ते झाकण दरवेळी एक दाणा घेऊन परत पिशवीत जाई.

नाक्यांवर या गाडीची आणि तिच्यातल्या माणसांची खरी परीक्षा होते. रस्त्यावर आडवी दोरी, सावलीत खुर्ची, दोन-तीन बंदूकधारी पोरे, त्यातली काही तर शाळेच्या वयाची. काही मैलांवर सरकारी सैन्याचा नाका आणि त्यापुढे ‘आयओ’चा, म्हणजे सरकारविरोधी गटाचा. उस्ताज देशाच्या दक्षिण भागातल्या इक्वेटोरियाचे होते. सरकारी सैन्यात मुख्यतः डिंका जमातीचे आणि विरोधी गटात मुख्यतः न्युएर लोक होते; उस्ताज या दोहोंपैकी कोणीच नव्हते, त्यामुळे चाकावर त्यांचे असणे दोन्हीकडे चालून जाई. दुभाष्याचे तसे नव्हते. सरकारी नाक्यावर न्युएर तरुणाकडे पाहण्याची तऱ्हा वेगळी असे, आणि ती आम्हा सर्वांना ठाऊक होती. म्हणून नाका जवळ आला की आमची बसण्याची जागा बदलत असे : तो मागच्या बाकाच्या पार आत जाई आणि परिचारिका व मी दाराकडे येऊन बसत असू. गाडी उघडायला लावलीच तर आधी दोन परदेशी चेहरे आणि एक औषधांची पेटी दिसावी एवढाच त्यामागचा हेतू. पुढच्या नाक्यावर हे उलटे होई. तिथे तो दाराशी येऊन मोठ्याने ‘माले’ असा न्युएर भाषेत नमस्कार करी आणि आम्ही आत सरकत असू. या हालचालीबद्दल आमच्यात कधीही चर्चा झाली नाही. मार्च २०१७ मध्ये जुबाहून पिबोरला जाणारे सहा मदतकर्मी वाटेत मारले गेले, आणि त्यानंतर तर कोणत्याही नाक्याआधी गाडीतले बोलणे आपोआप थांबत असे.

दुसरा नियम आम्ही विचारपूर्वक केला होता. पाचांपैकी कोणीही एकाने ‘मागे फिरू’ म्हटले की गाडी मागे फिरेल, आणि कारण तळावर पोहोचेपर्यंत विचारले जाणार नाही. युनिटीतल्याच कोच गावाकडे जाताना एकदा दुभाष्याने असे म्हटले. समोर काहीच नव्हते. गवत, चाकोरी आणि दूरवर दोन ताडाची झाडे. आता या गाडीचा एक खरा दोष इथे सांगितला पाहिजे : तिला वळायला बरीच मोठी जागा लागते, आणि दोन चाकोऱ्यांच्या रस्त्यावर तेवढी जागा नसते. उस्ताजनी गाडी वळवली ती पुढे-मागे हातहातभर सरकवत, आणि नेपाळी गृहस्थ चाकोरीत पाय ठेवून मागून इशारे करत होते, कारण आरशात मागच्या चाकाची कड दिसत नाही. त्या कामाला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कोणी एक प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी त्याने सांगितले की सकाळी त्या वाटेवर रोज भेटणाऱ्या गवळ्यांपैकी एकही दिसला नव्हता, गुरेही नव्हती. पुढे काही होते की नव्हते हे आम्हाला कधीच कळले नाही. काम बुडाल्याबद्दल वरून विचारणा झाली तेव्हा उत्तरावर पाचही जणांनी सही केली.

आता तक्रारीकडे येतो, आणि ती गाडी बनवणाऱ्यांपेक्षा ती मागवणाऱ्यांकडे अधिक आहे. पुढे चालकाशेजारची जागा हीच या गाडीतली त्यातल्या त्यात बरी जागा. तिथे व्यवस्थित पट्टा असतो, पाठ टेकते, रस्ता दिसतो. मागच्या आडव्या बाकांवर जास्तीत जास्त कमरेचा पट्टा असतो, आणि गाडी उलटली किंवा कशाला धडकली तर आडवे बसलेल्या माणसाचे मान-मणके सर्वांत आधी जातात, हे वाहनसुरक्षेचे शिक्षण घेतलेला कोणीही सांगेल. आमच्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस नव्हते. संस्थांच्या रिवाजाप्रमाणे पुढची जागा परदेशी पथकप्रमुखाची आणि मागची बाके स्थानिकांची. म्हणजे एकाच गाडीत, एकाच खड्ड्यात, धोका पगारपत्रकाच्या उलट्या क्रमाने वाटला जातो. आम्ही जागा रोज बदलायला लागलो, पण ते करायला एका बाहेरच्या माणसाने बोट दाखवावे लागले नाही याचे श्रेय परिचारिकेला आहे. एका सकाळी ती मागे जाऊन बसली, पट्टा लावला आणि दुभाष्याला म्हणाली की आज तुझे गुडघे लांब आहेत, तू पुढे बस. त्याचे गुडघे रोजच लांब होते.

पण जागा बदलून सुटत नाही असाही एक प्रसंग असतो, आणि सोबतीच्या गोष्टी सांगणारे तो बहुधा गाळतात. लढाई जवळ आली की तळावरून आदेश येतो आणि विमानाची यादी येते. यादीत परदेशी माणसे असतात, आणि देशाच्या दुसऱ्या भागातून आणलेले कर्मचारी असतात. त्याच तालुक्यातला माणूस यादीत नसतो. करारात तसे लिहिलेलेच नसते, आणि त्याचे घरदारही तिथेच असते. जानेवारी २०१४ च्या अखेरीस लीरच्या रुग्णालयातले २४० स्थानिक कर्मचारी अत्यवस्थ रुग्णांपैकी काही डझन जणांना सोबत घेऊन झाडीत गेले होते, ते याच रीतीमुळे. आमच्यावर वेळ आली तेव्हा यादीत चार नावे होती. उस्ताजनी धावपट्टीपर्यंत गाडी नेली, किल्ली दुभाष्याच्या हातात दिली, आणि त्याने ती शिकल्याप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये, क्लच न जाळता, परत नेली. कोण काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही. सगळेच काहीतरी सामानाबद्दल बोलत होते.

गाडी वाचणार नाही हे गृहीतच होते, कारण अशा गाडीवर सर्वांचा डोळा असतो. दुभाष्याने बॅटऱ्या काढल्या, नेपाळी गृहस्थांनी शिकवल्याप्रमाणे एचएफचा संच पाने लावून सोडवला, आणि सगळे घेऊन तो नातेवाइकांसह पाणथळ बेटांकडे गेला. काही आठवड्यांनी, ठरलेल्या वेळी, झाडावर ताणलेल्या तारेवरून त्याचा आवाज जुबात आला. आधी त्याने संकेतशब्द सांगितला, मग कोणते हापसे चालू आहेत आणि कोणते मोडले आहेत याची यादी दिली, आणि वॉशर संपल्याचे सांगितले. घरच्यांची विचारपूस परिचारिकेने करेपर्यंत तो त्या विषयावर आलाच नाही. पुढच्या विमानाने कोण जाणार यावर आम्हा चौघांत जे भांडण झाले ते आमच्या सहवासातले एकमेव मोठे भांडण, आणि ते उस्ताज जिंकले. गाडी नंतर सापडली. चाके आणि काचा नव्हत्या, इंजिन होते. चाके चढवली, बॅटऱ्या परत लावल्या आणि ते सुरू झाले. मालिकेच्या टिकाऊपणाबद्दल यापेक्षा जास्त काही सांगण्याची गरज मला वाटत नाही.

मग गाडी घ्यावी का? ज्या संस्थेला रस्ते नसलेल्या भागात काम करायचे आहे तिने दुसरा विचार करू नये. २०२३ पासून या मालिकेत २.८ लिटरचे चार सिलिंडरांचे नवे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरही मिळू लागले आहेत. ते चालवायला हलके असेलही, पण जिथे गावच्या लोहाराकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते तिथे जुने १एचझेडच मागवावे. त्यातही संस्थेच्या खरेदी विभागात बसलेल्या मराठी वाचकांना माझे तीन आग्रह आहेत. आडव्या बाकांऐवजी पुढे तोंड करून बसवलेली, खांद्यावरून पट्टा येणारी आसने मागवावीत. समोरासमोर बसण्याने आमचे जे काही जमले त्याबद्दल वर भरभरून लिहिले आहे, तरी हे बाक मी आज पहिल्यांदा काढून टाकीन. गप्पा मान वळवूनही मारता येतात, पण मोडलेली मान वळत नाही. दुसरे, पुढच्या जागेवर कोणी बसायचे याचा पाळीचा तक्ता गाडीच्या नोंदवहीतच छापून घ्यावा, म्हणजे तो कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही. तिसरे, एचएफचा संच दोन पान्यांत सुटेल असा बसवून घ्यावा, सोबत तारेची अँटेना द्यावी, आणि ती कशी ताणायची हे विमानाच्या यादीत नाव नसणाऱ्याला सर्वांत आधी शिकवावे.

पाचपैकी चार तारे. एक तारा बाकांसाठी कापला आहे.